तेवीस मिनिटं

पत्र यांच्या नावानं आलं, मिस्टर डी. आर. खांबेटे,
कारण गाडी अजून यांच्याच नावावर आहे.
चालवते मी.
आत दोन फोटो: आमची निळी गाडी आत शिरताना, ११.०४,
आमची निळी गाडी बाहेर पडताना, १.२७.
दोन तास फुकट. वर तेवीस मिनिटं.
शंभर पौंड. चौदा दिवसांत भरले तर साठ.
आज अकरावा दिवस.
पत्र ब्रेडच्या डब्याला टेकून उभं आहे,
चहा घेतल्याशिवाय न हलणाऱ्या पाहुण्यासारखं.

ब्रिस्टलहून केतकी म्हणते, भर आई, विषय संपव,
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला कशाला.
शेजारची मॉरीन म्हणते, कचऱ्यात टाक,
तिच्या भाच्यानं टाकलं होतं.
पुढे काय झालं विचारलं
तर ती मांजराला हाका मारू लागली.
अपील हरलं तर सवलत जाणार, पुरते शंभर पडणार.
साठ म्हणजे आमची दोन आठवड्यांची भाजी.

फॉर्मवर एक चौकोन आहे: कारण लिहा.

कारण असं, की
त्या दिवशी हे दुकानाच्या दारात थांबले,
काठी ट्रॉलीत ठेवली, फ्लॉवरच्या गड्ड्याशेजारी,
आणि म्हणाले, तू पुढे हो.
सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.
दारापासून गाडीपर्यंत माझी एकसष्ट पावलं,
यांची किती, ते मोजायचं सोडून दिलं.
गालिच्यांच्या दुकानापाशी श्वास.
दिव्याच्या खांबापाशी श्वास.
एक पोरगा ट्रॉल्यांची लांबच लांब रांग ढकलत आला
आणि आम्हाला बघून, काही न बोलता,
ती रांग पोटाशी धरून थांबला.
हडर्सफील्डचा वारा, टेकडीवरून उतरून थेट कोटात शिरणारा.
मी घड्याळ बघितलं नाही.
कॅमेऱ्यानं बघितलं. त्याचं काम ते.

चौकोनाखाली बारीक अक्षरांत:
आजारपण असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडा.
दाखला आहेच, उजवी बाजू, टक्क्यांसकट.
मी फाइल काढली. यांनी फाइलवर हात ठेवला,
उजवा, जड, उशिरा पोचणारा.
"चालता येतं हे दाखवायला चाललो मी.
आता चालता येत नाही हे तू सिद्ध करणार?"

मग साठ भरायचं ठरलं. काल रात्री कार्ड काढलं.
सोळा आकड्यांपैकी बारा टाकले
आणि मला राग आला,
कुणाचा, ते नीट कळेना.

आज दुपारी परत गेलो.
गाडी बाहेर लावली, रस्त्यावर, चर्चच्या भिंतीशी.
पाटी झुडपाआड, माझ्या डोक्याच्या वर हातभर.
हे तिच्याखाली उभे राहून वाचायला लागले, मोठ्यानं,
हल्ली वाचतात तसं, शब्दाला शब्द टेकवत,
'ऑथोराइज्ड'वरून दोनदा घसरून परत उठत.
या वेळी घड्याळ मी लावलं.
अटी संपल्या तेव्हा तेरा मिनिटं झाली होती.
अटींतली शेवटून दुसरी अट अशी,
की अटी वाचून पटल्या नाहीत
तर निघून जायला दहा मिनिटं मिळतील.

हे हसले.
तोंडाच्या दोन्ही बाजूंनी, जवळजवळ.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," मी म्हटलं,
आमच्या अण्णांचं ठरलेलं वाक्य.
"पायरी चढता येत असेल," हे म्हणाले,
"तर चढून बघावी."

अजून तीन दिवस आहेत.
कार्ड टेबलावरच आहे, चष्म्याच्या घराशेजारी.
चौकोनात मी एकच वाक्य लिहिलंय:
तुमची पाटी आम्ही पूर्ण वाचली.
पुढचं हे सांगतायत, मी थांबले आहे.
'ऑथोराइज्ड'चं स्पेलिंग यांना आता पाठ झालंय.